तृतीय वर्षाची फरसबी

किस्से जमवावे लागत नाहीत. चार निवृत्त माणसं, एक गच्ची आणि एक डीप फ्रीजर एका ठिकाणी आणून ठेवा आणि खुर्ची घेऊन बाजूला बसा. पुढचं ती माणसं करतात. नागपुरात बेसाच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी तीन हिवाळे अशीच बसले. फ्रीजरमधला अर्धा माल फेकावा लागला, किस्सा मात्र एकही वाया गेला नाही.

आधी माणसं सांगते. माझे बाबा, निवृत्त हेडमास्तर. बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना 'सर' म्हणतात आणि त्यांनाही ते योग्यच वाटतं. भोयरकाका बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले, पण बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. गजभियेकाका रेल्वेत गार्ड होते. कमी बोलतात, पण शेवटच्या डब्यापर्यंत ऐकू जाईल असं. आणि लांजेवारकाकू, ज्यांच्या घरात माणसांपेक्षा देव जास्त आहेत आणि जास्त जागा घेतात.

या चौघांनी गच्चीवर अर्धे कापलेले ड्रम मांडून त्यात फरसबी लावली. फरसबी हे मी लिहिताना म्हणते, आमच्याकडे सगळे बीन्सच म्हणतात. दिवाळीनंतर पेरायच्या, जानेवारीत तोडायच्या. पहिल्याच वर्षी इतक्या आल्या की पिशवी घेऊन गेलं तर शेजारी दार उघडेनात. आणि मे महिन्यात नागपुरात बाजारात बीन्स म्हणून जे मिळतं त्याने गोणी शिवता येते. म्हणून ठरलं, जानेवारीच्या बीन्स गोठवायच्या आणि मेमध्ये खायच्या. भोयरकाकांच्या भाच्याने आइस्क्रीम पार्लर बंद केलं होतं. त्याचा डीप फ्रीजर आला आणि तळमजल्यावर सोसायटीच्या खोलीत, गणपतीच्या मखराशेजारी बसला.

पाचवी मी, स्नेहल. फूड टेक्नॉलॉजी शिकत होते. त्या पहिल्याच हिवाळ्यात, डिसेंबरमध्ये, तिसरं वर्ष अर्ध्यावर असताना कॉलेज सोडलं. हे घरात आम्हा तिघांना माहीत होतं. बिल्डिंगमध्ये कोणालाच नाही.

*

पहिल्या वर्षी बाबांनी नियम काढला. भाजी ताजी आहे तर ताजीच ठेवायची, उकळून तिचं सत्त्व कशाला घालवायचं? मी घरी सांगून पाहिलं की कापलेल्या शेंगा तीन मिनिटं उकळत्या पाण्यात घालून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकाव्या लागतात. नाहीतर फ्रीजरमध्येसुद्धा त्या आतल्या आत म्हाताऱ्या होत राहतात. बाबा म्हणाले, "पस्तीस वर्षं मी पोरांना जीवनसत्त्वं शिकवली." विषय संपला. चौघांनी बीन्स धुतल्या, चिरल्या आणि कच्च्याच पिशव्यांत भरून ठेवल्या.

एप्रिलमध्ये पहिलं पाकीट निघालं. लांजेवारकाकूंच्या घरी भाजी झाली, सगळ्यांना जेवायला बोलावणं. रंग खाकी. वास लॉन कापल्यावर येतो तो. चावलं की दाताखाली ताग. पण चारही जण मोठे आणि मानाचे, त्यामुळे पहिलं कोण बोलणार? सगळे 'वेगळी चव आहे' म्हणत गिळत होते. शेवटी गजभियेकाकांनी तोंडातून एक लांब दोरा ओढून काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाले, "सर, गच्चीवर होती तवा चांगली होती. मारली कोणं इले?"

बाबांना कोणी चूक दाखवली की ते तिसऱ्याच माणसाकडे बोट करतात. शाळेत शिपाई असायचा. इथे मी होते.

"पुढच्या वर्षी स्नेहल सांगेल तसं करू. तिचा विषयच आहे. थर्ड इयरला आहे ती."

कॉलेज सोडून मला चार महिने झाले होते. आईने पाण्याचा ग्लास उचलला आणि एका दमात संपवला. मी बाबांकडे पाहिलं. ते ताटाच्या कडेचा दोरा बघत होते.

तेव्हापासून मी बिल्डिंगमध्ये थर्ड इयरला आहे. निभावणंही सोपं गेलं. सकाळी दहाला जुनीच बॅग पाठीला लावून निघायचं, सीताबर्डीला एका कपड्यांच्या दुकानात बिलिंगला बसायचं, संध्याकाळी परत. कोणाला काय कळतं? पण कधीतरी कोणीतरी नीट विचारणारच होतं. हेडमास्तरच्याच पोरीने कॉलेज सोडलं, हे चार मजल्यांना कळलं तर आपण लिफ्टमध्ये कुठल्या तोंडाने उभं राहायचं, ही बाबांची भीती. ते त्या दिवसाला टाळत होते. मी त्या दिवसाची वाट बघत होते.

*

दुसऱ्या हिवाळ्यात उकळणं मान्य झालं. 'तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार' असं बाबांनी ग्रुपवर टाकलं. तज्ज्ञ मी, आणि उकळायचं काम लांजेवारकाकूंकडे.

तीन मिनिटं म्हणजे तीनच, हे मी चार वेळा सांगितलं. मोबाइलवर टायमर लावून द्यायला गेले. काकूंनी मोबाइल बाजूला सरकवला. त्यांचं रोजचं एक स्तोत्र आहे, ते बरोबर तीन मिनिटांत होतं म्हणाल्या. मी घड्याळ लावून तपासलं. खरंच तीन मिनिटं, दोन सेकंद. मला आदर वाटला. आयुष्यात पहिल्यांदा.

बीन्स पाण्यात पडल्या, काकूंनी डोळे मिटले आणि स्तोत्र सुरू झालं. अर्ध्यावर आलं तर भोयरकाका दारात. गॅस मोठा ठेवायचा की मध्यम, हे त्यांना विचारायचं होतं. काकूंनी डोळे उघडले, मध्यम म्हणाल्या, डोळे मिटले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मी म्हटलं, "काकू, जिथे थांबलात तिथून म्हणा ना."

"अर्धा पाठ करत नसतात वं. दोष लागते."

मग सुनेचा, मनोजच्या बायकोचा, फोन आला. पहिल्यापासून. मग इस्त्रीवाला कपडे द्यायला आला, त्यात एक ब्लाउज दुसऱ्याचाच होता, त्याच्यावर बरंच बोलणं झालं. पुन्हा पहिल्यापासून. मी गॅस बंद करायला हात पुढे केला की काकू डोळे न उघडता माझ्या हातावर चापटी मारायच्या.

स्तोत्र पूर्ण झालं तेव्हा पातेल्यात शेंगा नव्हत्या. हिरवं काहीतरी होतं. गजभियेकाकांनी डावाने ढवळून पाहिलं आणि सूप म्हणून प्यायचं का विचारलं. काकू मात्र शांत होत्या.

"पाठ तर पुरा झाला ना गा. बीन्स काय, उद्या अजून येतील."

*

उकळून, गार करून झालं की बीन्स कोरड्या करायच्या असतात. ओल्या भरल्या तर पाकिटात बर्फाची वीट तयार होते. हे काम गजभियेकाकांनी मागून घेतलं. मार्च लागला होता, शेवटचा तोडा होता. काका म्हणाले, कपड्यावर पसरून कधी वाळतील, आपण शास्त्रीय पद्धतीने करू.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. हॉलमध्ये जमिनीवर पांढरी चादर, चादरीवर ओळीत मांडलेल्या शेंगा, आणि समोर नुकताच माळ्यावरून काढलेला कूलर फुल स्पीडवर. नवी खसची ताटी, टाकी काठोकाठ भरलेली, पंप चालू. दोन तास झाले होते. शेंगा सकाळपेक्षा ओल्या होत्या. चादर पिळता आली असती.

मी पंपाचं बटण दाखवलं आणि विचारलं की निदान हे तरी बंद करायचं ना, नुसता वारा पुरला असता.

काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पंप बंद करून कूलर चालवणारा माणूस मी नागपुरात अजून पाहिला नाही."

त्या पाकिटांच्या विटा झाल्याच. शिवाय त्या भाजीला शेवटपर्यंत वाळ्याचा वास यायचा. भोयरकाकांना ती आवडली. थंड पडते म्हणाले.

*

भोयरकाका सकाळी दहाला, दुपारी एकला आणि चारला फ्रीजर उघडायचे. बँकेत ते ज्या वेळांना स्टाफवर फेरी मारायचे त्याच वेळा. शेंगा आधी ताटात सुट्या पसरून गोठवायच्या आणि कडक झाल्या की मग पिशवीत भरायच्या, असं मी सांगितलं होतं. काका झाकण उघडून प्रत्येक शेंगेला बोटाने टोचायचे. गोठली का? नाही. तू? नाही. मग झाकण उघडं ठेवून बाबांना फोन, "सर, अजून नरमच आहेत."

नरमच राहणार. दर तीन तासांनी कोणी तुमचं पांघरूण ओढलं तर तुम्हाला तरी झोप लागेल का?

मी बाबांना सांगितलं, एक सूचना लावा. बाबांना सूचना लावायला आवडतं. त्यांनी टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'कृपया फ्रीजर वारंवार उघडू नये. आज्ञेवरून.' कागद खराब होऊ नये म्हणून त्यांनी तो झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला.

म्हणजे वाचायचा तर झाकण उघडा.

दोन दिवसांनी मी पाहिलं. सूचनेखाली भोयरकाकांनी 'पाहिले' असं लिहून तारीख आणि सही केली होती. त्याखाली त्याच दिवशी चार वाजताचं 'पाहिले'. त्याखाली गजभियेकाकांचं, 'मी पण.'

*

एक लहानसा. भोयरकाकांच्या बायकोला मी सांगितलं होतं की पाकीट फ्रीजरमधून काढलं की थेट कढईत टाकायचं, वितळू द्यायचं नाही. त्या हो म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले तर बीन्स गीझरच्या पाण्यात बुडवलेल्या. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "इतकी थंड भाजी तेलात टाकली तर तिले सर्दी नाही होणार?"

मी तपासलं, त्या चेष्टा करत नव्हत्या.

*

हा किस्सा लांजेवारकाकू बिल्डिंगमध्ये सांगू देत नाहीत, म्हणून इथे सांगते.

एका बुधवारी काकूंनी फ्रीजर उघडला तर बीन्सच्या शेजारी काळ्या पिशवीत मटण. काकू तीन मजले चढून आमच्याकडे आल्या, लिफ्टची वाटही न बघता. फ्रीजर बाटला. बीन्स बाटल्या. हे कोणाचं काम आहे ते आपल्याला माहीत आहे, असंही म्हणाल्या आणि समोरच्या गजभियेकाकांच्या दाराकडे पाहिलं. नाव घेतलं नाही. अशा वेळी आमच्याकडे नाव घेत नाहीत, नुसतं पाहतात.

बाबांनी काय करावं? पस्तीस वर्षं समता शिकवलेला माणूस. "चौकशी करू," म्हणाले. म्हणजे काही करणार नव्हते. मी म्हटलं, गजभियेकाकांना सरळ विचारा. बाबांनी मला स्वयंपाकघरात पाठवलं.

काकूंनी वाट पाहिली नाही. देवघरातून गंगाजल आणलं आणि फ्रीजरभर शिंपडलं. सढळ हाताने. पाकिटांवर, पाकिटांच्या मध्ये, ताटांवर. मग झाकण लावलं आणि नमस्कार केला.

उणे अठरा अंशाला गंगाजलही पाणीच असतं. दुसऱ्या दिवशी सगळी पाकिटं एकमेकांना आणि फ्रीजरच्या तळाला चिकटून एक अखंड शिळा झाली होती. भोयरकाकांनी ओढून पाहिलं, बाबांनी उलथन्याने, शेवटी गजभियेकाका घरून हातोडी घेऊन आले. त्यांना आदल्या दिवशीचं काहीच माहीत नव्हतं, किंवा सगळंच माहीत होतं. ते गुडघ्यावर बसून ठोकत होते आणि काकू देवळात उभं राहतात तशा लांब उभ्या.

अर्ध्या तासाने काळी पिशवी सुटी झाली. गाठीला दुकानाची चिठ्ठी अडकली होती, त्यावर गिऱ्हाइकाचं नाव. गजभियेकाकांनी ती पुसली, चष्मा वर करून मोठ्याने वाचली आणि पिशवी काकूंच्या हातात दिली.

"घ्या काकू. तुमच्या मनोजचं आहे. दीड किलो."

*

पाकिटांवर चिठ्ठ्या लावायचं काम बाबांचं. दुसऱ्या हिवाळ्यापासून प्रत्येक पाकिटावर त्यांच्या वळणदार अक्षरात तोडल्याची तारीख, गोठवल्याची तारीख, आणि खाली: 'मार्गदर्शन: कु. स्नेहल, फूड टेक्नॉलॉजी, तृतीय वर्ष.' मी एकदा म्हटलं, हे कशाला? त्यांनी पुढची चिठ्ठी लिहायला घेतली.

तिसऱ्या हिवाळ्यातही तेच. तारखा नव्या, तृतीय वर्ष तेच.

भोयरकाकांची नजर अशा गोष्टींवर बरोबर जाते. जानेवारीत फ्रीजरच्या तळाशी मागच्या वर्षीचं एक पाकीट सापडलं. ते त्यांनी उजव्या हातात घेतलं, नवं डाव्या हातात, आणि बराच वेळ वाचत राहिले. खोलीत आम्ही सगळेच होतो.

"सर, मागच्या वर्षी पण तृतीयच होतं ना?"

मी हातातली शेंग खाली ठेवली. झालं, म्हटलं. आता सांगतील.

बाबांनी पेनाचं टोपण लावलं, शांतपणे. "नवीन शैक्षणिक धोरण आलं आहे, भोयरसाहेब. सगळी रचनाच बदलली."

आणि तिघांनीही मान हलवली! लांजेवारकाकू म्हणाल्या, हो, आमच्या नातवाचंही काहीतरी तसंच झालं. गजभियेकाका म्हणाले, सरकारचं काही सांगता येत नाही. धोरण कोणालाच समजलेलं नव्हतं, त्यामुळे कोणी शंका घेतली नाही.

घरी येताना जिन्यात मी बाबांना विचारलं, अजून किती वर्षं धोरण बदलत राहणार? ते म्हणाले, हळू बोल.

*

तिसऱ्या हिवाळ्यात मात्र मी सुट्टीच्या दिवशी सकाळी खाली गेले आणि चौघांना सांगितलं की आज कोणीही स्वतःचं डोकं वापरायचं नाही. कोवळ्या शेंगा तेवढ्याच निवडल्या. पाण्याला पुन्हा उकळी फुटली तिथपासून तीन मिनिटं, माझ्या मोबाइलवर. मग बर्फाचं पाणी. मग सुती धोतरावर टिपून कोरड्या, ताटात सुट्या, पिशवीतली हवा दाबून बाहेर. फ्रीजरला कुलूप लावलं आणि दुसऱ्या दिवशी किल्ली सीताबर्डीला घेऊन गेले. भोयरकाका दोन दिवस खोलीबाहेर येरझारा घालत होते.

मे महिन्यात पाकीट उघडलं. शेंगा खड्यांसारख्या खळखळून कढईत पडल्या. हिरव्यागार. लांजेवारकाकूंच्या सुनेने पहिला घास घेतला आणि विचारलं, आज बाजारात कुठे मिळाल्या? चौघांच्या चेहऱ्यावरचं सुख बघवत नव्हतं.

सुखाचं माणसं काय करतात? कार्यशाळा. बेसातल्या बाकीच्या सोसायट्यांना बोलवायचं, 'गच्चीवरची फरसबी, वर्षभर घरात' असं काहीतरी. आणि एक तज्ज्ञ पाहुणा हवा, कारण घरच्या माणसाचं भाषण कोणी ऐकत नाही. बाबा पहिल्यांदाच कार्यक्रमाच्या विरुद्ध गेले. ऊन फार आहे म्हणाले. खुर्च्या नाहीत. पार्किंगमध्ये गाड्या आहेत. गजभियेकाकांनी सगळ्याचा बंदोबस्त केला आणि ओळखीतून पाहुण्याही पक्क्या केल्या. मग ग्रुपवर नाव आलं.

त्या माझ्याच डिपार्टमेंटच्या मॅडम होत्या.

त्या संध्याकाळी बाबा माझ्या खोलीत आले. ते कधी येत नाहीत. दारात उभे राहून आईशी बोलतात, मी ऐकावं म्हणून. त्या दिवशी आत येऊन खुर्चीवर बसले.

"रविवारी तू नंदनवनला मामाकडे जाऊन ये ना."

"काहून?"

"त्याची तब्येत बरी नसते."

"मामा काल बुलेटवर आला होता, बाबा. तुमच्याच समोर."

ते पंख्याकडे बघत म्हणाले, "त्या मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं तर?"

"तर मी सांगीन. खोटं तुम्ही बोलले, आणि मामाकडे मी जाऊ?"

"मी एकदाच बोललो होतो. बाकी लोकच बोलत गेले."

"तोंडी एकदा. लेखी प्रत्येक पाकिटावर."

ते उठले. दारात थांबले. दाराची कडी ढिली झाली होती, ती हलवून पाहिली आणि गेले.

रविवारी सहा वाजता पार्किंगमध्ये दोन कूलर लावून चाळीस-पन्नास माणसं बसली. पुढे टेबल, टेबलावर आमची पाकिटं. बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात आभाराचा कागद. त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी मागे खांबाशी उभी होते.

या मॅडमबद्दल एक सांगायला हवं. कॉलेजमध्ये गोठवण्याचं प्रॅक्टिकल होतं. लॅबच्या फ्रीजरचं रबर फाटलेलं, थर्मामीटर उणे सहा दाखवत होता. मी जर्नलमध्ये उणे सहा लिहिलं. मॅडम म्हणाल्या, सगळ्यांचं उणे अठरा आहे, तूही अठरा लिही. मी म्हटलं, मशीन सहा दाखवतंय. त्या म्हणाल्या, "मार्क मशीनला नाही द्यायचे, तुला द्यायचेत." मी जर्नल टेबलावर ठेवलं आणि बाहेर आले. फक्त तेवढ्यासाठी कॉलेज सोडलं असं नाही. पण लोकांना एक कारण लागतं, तर हे घ्या. कॉलेज सोडल्याच्या अर्जावर पालकाची सही बाबांनी याच मॅडमसमोर केली होती.

मॅडम छान बोलल्या. मग त्यांनी एक पाकीट कापलं, शेंगा ताटात ओतल्या. खळखळ झाली. त्यांनी एक शेंग मोडून पाहिली आणि विचारलं, इतकं चांगलं काम कोणी केलं?

चार हात वर झाले. स्तोत्रवाला, कूलरवाला, टोचणारा. बाबांचाही, सवयीने.

लांजेवारकाकूंना राहवलं नाही. उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "करतो आम्हीच, पण सांगते आमची स्नेहल. तुमच्याच कॉलेजात आहे मॅडम, थर्ड इयरले. ते पाहा, खांबापाशी उभी आहे."

चाळीस-पन्नास माना मागे वळल्या. मॅडमनी मला पाहिलं आणि ओळखलं. त्यांच्या हातातली मोडलेली शेंग तशीच राहिली. मग त्यांनी हळूच पहिल्या रांगेकडे पाहिलं. बाबा हातातला कागद वाचत होते, कोरी बाजू वर धरून.

मी तोंड उघडलं होतं. पण मॅडम हुशार आहेत, त्यांना एका सेकंदात सगळं समजलं. त्या गोड हसल्या.

"हो, हो. थर्ड इयर. आमची फार सिन्सिअर स्टुडंट आहे. अटेंडन्स तर शंभर टक्के."

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात भोयरकाकांच्या. मी तोंड मिटलं. सुटला माणूस, म्हटलं. आता हे दहा वर्षं चालेल.

टाळ्या थांबल्या आणि बाबा उभे राहिले. आभाराला अजून वेळ होता. त्यांनी कागद घडी करून खिशात टाकला आणि शाळेच्या प्रार्थनेनंतर लावायचे त्या आवाजात म्हणाले,

"मॅडम, मी खोटं बोललो तर मी बाप आहे. तुम्ही मास्तर आहात. तुम्ही काहून खोटं बोलून राहिल्या?"